चार्जरचे वॅट जास्त असले तर लॅपटॉप जळतो का?

प्रश्न असा आहे: लॅपटॉपसोबत आलेला ६५ वॅटचा चार्जर बंद पडला. लॅपटॉपला गोल पिनेचा जॅक आहे आणि शेजारी एक टाइप-सी पोर्टही आहे. हाताशी तीन चार्जर आहेत: टाइप-सीचा १०० वॅटचा, टाइप-सीचाच ४५ वॅटचा, आणि दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपचा गोल पिनेचा ९० वॅटचा. यातला कोणता लावायचा? १०० वॅटने बॅटरी फुगेल किंवा मदरबोर्ड जळेल का?

आधी थेट उत्तर देतो. तुमचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेणारा असेल, तर १०० वॅटचा चार्जर बिनधास्त लावा. ४५ वॅटचाही बहुतेक चालेल, फक्त जड काम करताना तो अपुरा पडेल. ९० वॅटच्या गोल पिनेच्या चार्जरला मात्र लेबल वाचल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तिथेही मला काळजी ९० या आकड्याची नाही, त्याच्या शेजारी छापलेल्या व्होल्टची आहे.

दुरुस्तीच्या कामात हे सतत दिसतं. लोक वॅटला घाबरतात आणि व्होल्टकडे बघतसुद्धा नाहीत. चार्जरमुळे मेलेले जे बोर्ड माझ्याकडे येतात, त्यांच्यामागे चुकीचे व्होल्ट असतात, उलटी पिन असते, किंवा आत धड इन्सुलेशन नसलेला हलका माल असतो. व्होल्ट बरोबर, पिन बरोबर, चार्जर चांगल्या बनावटीचा, आणि केवळ वॅट जास्त म्हणून लॅपटॉप गेला, असं होत नाही. ते का, हे नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

चार्जर उलटा करून लेबल बघा. वरच्या बाजूला ‘इनपुट’ लिहिलेलं असतं: १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ आणि पुढे काही ॲम्पिअर. ही भिंतीतल्या सॉकेटची बाजू, ती सोडून द्या. काही जण इथल्याच आकड्यांचा गुणाकार करतात आणि ‘माझा चार्जर तीनशे साठ वॅटचा आहे’ म्हणून सांगतात. आपल्याला हवी ती ओळ ‘आउटपुट’ची. तिथे समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ ॲम्पिअर आहे, तर गुणाकार ६५ वॅट. १९.५ व्होल्ट आणि २.३१ ॲम्पिअर असेल तर ४५. तेच व्होल्ट आणि ४.६२ ॲम्पिअर असतील तर ९०. या तिन्ही चार्जरमध्ये व्होल्ट एकच आहेत, बदलतात ते फक्त ॲम्पिअर. सगळी गोम इथे आहे.

व्होल्ट किती द्यायचे ते चार्जर ठरवतो. ॲम्पिअर किती घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो. लेबलवर लिहिलेले ॲम्पिअर म्हणजे ‘इतक्यापर्यंत मी देऊ शकतो’ एवढंच चार्जरचं म्हणणं. ते काही तो लॅपटॉपमध्ये ढकलत नाही. विहिरीत पाणी जास्त असलं म्हणून घागर मोठी होत नाही. लॅपटॉपला त्या क्षणी ३० वॅट लागत असतील तर ६५ वॅटच्या चार्जरमधून ३० जातील, १०० वॅटच्याही ३० आणि २४० वॅटच्याही ३०च.

बॅटरीचं तर आणखी एक संरक्षण आहे, जे बहुतेकांना माहीत नसतं. बाहेरचा चार्जर थेट बॅटरीला जोडलेला नसतोच. तो १९-२० व्होल्टचा डीसी पुरवठा मदरबोर्डपर्यंत आणून सोडतो. बॅटरी भरण्याचं खरं काम बोर्डावरची चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, करते. तीन सेल एकापुढे एक जोडलेल्या बॅटरीला पूर्ण भरताना साधारण १२.६ व्होल्ट लागतात, म्हणजे प्रत्येक सेलला ४.२. जास्त व्होल्टच्या सेल असतील तर हा आकडा थोडा वर जातो. ही आयसी बाहेरचे २० व्होल्ट खाली उतरवते, बॅटरीतल्या सर्किटशी बोलते, तापमान बघते आणि आधी ठरलेल्या करंटने, मग ठरलेल्या व्होल्टवर करंट हळूहळू कमी करत बॅटरी भरते. तो करंट लॅपटॉप बनवणाऱ्याने आधीच बांधून दिलेला असतो. म्हणून ६५ वॅटच्या लॅपटॉपला १०० वॅटचा चार्जर लावून बॅटरी लवकर भरेल अशी आशा ठेवू नका, आणि ती फुगेल अशी भीतीही बाळगू नका. बॅटरी फुगते ती वयाने, उष्णतेने आणि महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर ठेवल्याने. सतत प्लगवरच काम करणाऱ्यांनी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावावी. चार्जर बदलण्यापेक्षा बॅटरीचं त्याने जास्त भलं होतं.

आता गोल पिनेचा चार्जर. यात चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात व्होल्टबद्दल कसलीही बोलणी होत नाहीत. चार्जर सॉकेटला लावला की पिनेवर त्याचे ठरलेले व्होल्ट हजर असतात, पुढे कोणतंही यंत्र असो. लॅपटॉपच्या दुनियेत १८.५, १९, १९.५ आणि २० व्होल्ट हे नेहमीचे आकडे. यांत अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा चालून जातो, कारण बोर्डाची रचना थोडी वर-खाली गृहीत धरूनच केलेली असते. १९च्या लॅपटॉपला १९.५चा चार्जर लावलेला मी खुशाल चालू देतो. त्यापलीकडे नाही.

पंचाईत अशी की ५.५ मिलिमीटर जाडीची गोल पिन जगभर कशालाही असते. राउटरला १२ व्होल्ट, मॉनिटरला कधी १२ कधी १९, काही प्रिंटरला २४ किंवा ३२, एलईडीच्या पट्टीला १२ किंवा २४. ड्रॉवरमधून काढलेला अडॅप्टर लॅपटॉपमध्ये गच्च बसला याचा अर्थ तो लॅपटॉपचा आहे असा होत नाही. १२ व्होल्टचा लावला तर बहुधा काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही. २४ व्होल्टचा लावला तर बोर्डावर वीज आत येते तिथले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) आणि कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) धोक्यात येतात, कारण तिथले कपॅसिटर अनेकदा २५ व्होल्टचेच असतात. ३२ व्होल्टबद्दल बोलायलाच नको. अशा वेळी चार्जरवर ‘फक्त ४० वॅट’ लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, ‘कमीचाच तर लावला होता.’

पिनेची ध्रुवताही बघा. लेबलवर एक छोटी खूण असते: मधोमध ठिपका, भोवती अर्धवट कडं, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मधला भाग जवळजवळ नेहमी अधिक असतो. ज्या चार्जरवर ही खूणच नाही, तो लॅपटॉपला लावू नये. आणि ‘थोडी सैल बसते पण चालते’ ही पिनही नको. सैल जोडणीत ठिणग्या पडतात, तिथे उष्णता होते आणि काही महिन्यांत जॅक वितळतो. ९० वॅटला त्या इवल्याशा जागेतून साडेचार ॲम्पिअर जात असतात.

गोल पिनेत आणखी एक भानगड आहे. डेल आणि एचपीच्या पुष्कळ चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. ती वीज देण्यासाठी नसते, ओळख पटवण्यासाठी असते. डेलच्या चार्जरमध्ये त्या तारेवर एक चिमुकली चिप बसवलेली असते आणि ती लॅपटॉपला ‘मी इतक्या वॅटचा’ असं सांगते. लेनोवोच्या चौकोनी पिनेत हेच काम एक रेझिस्टर करतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप सुरू होतो, पण पडद्यावर सूचना येते, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग जाणूनबुजून खाली ठेवला जातो. ‘नवीन चार्जर लावल्यापासून लॅपटॉप मंद झाला’ ही तक्रार अनेकदा इथून आलेली असते. ती बारीक सुई वाकली किंवा आतली तार तुटली तरी मूळ चार्जरबाबतही हेच होतं, म्हणून बॅटरी बदलायला निघण्यापूर्वी आधी तिच्याकडे बघा.

म्हणजे तुमच्या ९० वॅटच्या चार्जरचा निकाल असा: व्होल्ट मूळ चार्जरइतके किंवा अर्ध्या व्होल्टच्या आत, पिन तंतोतंत त्याच मापाची, ध्रुवता तीच, आणि लॅपटॉप त्याला ओळखतो, या चारही गोष्टी जुळल्या तर ९० वॅट तुमच्या ६५ वॅटच्या लॅपटॉपला अगदी सुरक्षित. कंपनी वेगळी आहे म्हणता, त्यामुळे चौथी गोष्ट बहुधा अडेल. दुसऱ्या कंपनीच्या पिनेचं माप बदलणारे छोटे तुकडे मिळतात. ते माप जुळवतात, पण बहुतेक वेळा ओळख जुळवत नाहीत. त्या वाटेला जाण्यापेक्षा तुमच्याकडे टाइप-सीचा पर्याय आहे, तो कितीतरी बरा.

टाइप-सीमध्ये सगळा कारभारच निराळा आहे, आणि माझ्या मते लॅपटॉपच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात चांगली गोष्ट. नुसता चार्जर सॉकेटला लावून ठेवला तर त्याच्या टाइप-सी पोर्टवर व्होल्टेज नसतंच. पलीकडे वीज घेणारं उपकरण आहे हे सीसी नावाच्या तारेवरून कळलं की मग तो ५ व्होल्ट सोडतो. त्यानंतर पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, या पद्धतीने दोघांची बोलणी होतात. चार्जर आपली यादी पुढे करतो: ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर, ९ व्होल्ट ३ ॲम्पिअर, १५ व्होल्ट ३ ॲम्पिअर, २० व्होल्ट ५ ॲम्पिअर. लॅपटॉप त्यातलं एक निवडतो, चार्जर मान्यता देतो, आणि मगच व्होल्ट वर चढतात. लॅपटॉपने मागितलेच नाहीत तर २० व्होल्ट येत नाहीत. म्हणूनच एकाच १०० वॅटच्या चार्जरवर इअरफोनही चार्ज होतात, फोनही आणि लॅपटॉपही.

२०२१मध्ये आलेल्या पीडी ३.१ने ही कमाल मर्यादा १०० वरून २४० वॅटवर नेली, त्यासाठी २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या वाढवल्या. ४८ व्होल्ट ऐकून दचकायला होतं, पण ते मिळवण्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ती नवी पद्धत कळावी लागते. तुमचा लॅपटॉप २० व्होल्टच्या वर काही मागणारच नाही. त्यामुळे १४० किंवा २४० वॅटचा पीडी चार्जरही त्याच्यासाठी तितकाच सुरक्षित. फक्त एवढ्या मोठ्या चार्जरचं वजन विनाकारण वाहू नका.

आधी एवढं मात्र तपासा: तुमचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो का? सगळे घेत नाहीत. काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. पोर्टजवळ प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर तो घेतो. चिन्ह नसेल तर मॉडेलची माहितीपुस्तिका बघा. चार्जिंग न घेणाऱ्या पोर्टला चार्जर लावल्याने बिघडत काही नाही, नुसतं काहीच होत नाही.

४५ वॅटच्या चार्जरकडे वळतो. इथे एक बारकावा आहे. पीडीच्या नियमांनुसार ४५ वॅटच्या चार्जरने १५ व्होल्ट ३ ॲम्पिअर देणं सक्तीचं आहे, २० व्होल्ट देणं नाही. बरेच देतात, २.२५ ॲम्पिअरने, पण काही देत नाहीत. आणि काही लॅपटॉप २० व्होल्टशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. त्यामुळे एकाचा ४५ वॅटचा चार्जर चालतो आणि दुसऱ्याचा तेवढ्याच वॅटचा चालत नाही, दोघेही खरं बोलत असतात. चार्जरच्या लेबलवर बारीक अक्षरात ही सगळी यादी छापलेली असते, तिच्यात २० व्होल्ट आहेत का बघा.

असले, तर तुमच्या ६५ वॅटच्या लॅपटॉपवर काय होईल? आधी ६५ हा आकडा येतो कुठून ते पाहू. साधारण पातळ लॅपटॉप लिखाण-वाचनाला दहा-पंधरा वॅट खातो, व्हिडिओ कॉलवर वीस-पंचवीस, प्रोसेसर पूर्ण रगडला तर चाळीस-पन्नासपर्यंत जातो. त्याच वेळी बॅटरी भरायची तर तिला वेगळे तीस-चाळीस लागतात. कंपनी या दोन्हींची बेरीज नजरेसमोर ठेवून चार्जर देते. ४५ वॅटमध्ये साधं काम करत बॅटरी आरामात भरेल. लॅपटॉप बंद असेल तर वेळेचा फरक फारसा जाणवणारही नाही. पण व्हिडिओचं एडिटिंग किंवा गेम चालू असेल तर बॅटरी भरणं थांबेल, कधी प्लग लावलेला असूनही टक्के उतरतील, किंवा लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करेल. ‘स्लो चार्जर’ अशी सूचना आली तर तिचा अर्थ हाच. धोका काही नाही, कारण चार्जरने ४५च सांगितले होते आणि लॅपटॉप त्याच हद्दीत राहतो.

गोल पिनेचा कमी वॅटचा चार्जर मात्र इतका निरुपद्रवी नाही. ओळखीची तार नसलेल्या लॅपटॉपला समोरचा चार्जर लहान आहे हे कळायला मार्ग नसतो. तो त्याच्या सवयीने ६५ वॅट ओढायला जातो. चांगला ४५ वॅटचा चार्जर अशा वेळी स्वतःला बंद करतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद, आणि लॅपटॉपचा दिवा लुकलुकत राहतो. हलक्या चार्जरमध्ये हे संरक्षण नसतं किंवा कामापुरतंही नसतं. मग तो तापत राहतो, वास येतो, प्लास्टिक पिवळं पडतं. लोकांना वाटतं जास्त वॅट म्हणजे आगीचा धोका. गोल पिनेच्या बाबतीत तो धोका कमी वॅटच्या बाजूला आहे. मोठा चार्जर आपल्या ताकदीच्या अर्ध्यावर काम करत असतो, म्हणून त्याचं अंग लहान चार्जरइतकं तापत नाही.

फोनच्या डब्यातल्या ‘६५ वॅट’ किंवा ‘८० वॅट’च्या चार्जरबद्दलही विचारणा असतेच, म्हणून सांगून ठेवतो. तो आकडा बहुधा त्या फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो. एका प्रसिद्ध ६५ वॅटच्या पद्धतीत १० व्होल्ट आणि ६.५ ॲम्पिअर असतात, लॅपटॉपला हवेत २० व्होल्ट. असा चार्जर लॅपटॉपशी पीडीमध्ये बोलला तरच काही देतो, आणि तेही पुष्कळदा पूर्ण आकड्यापेक्षा कितीतरी कमी. आणि चार्जरचं तोंड जुन्या चपट्या यूएसबी-ए पद्धतीचं असेल तर पीडीचा प्रश्नच येत नाही, त्याने लॅपटॉप चार्ज होणार नाही.

केबलचं महत्त्व लोक फार कमी धरतात. साधी टाइप-सी केबल ३ ॲम्पिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे जायचं तर केबल ५ ॲम्पिअरची हवी आणि तिच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप हवी. चार्जर ती चिप वाचतो, ती नसेल तर तो ३ ॲम्पिअरच्या पुढे सरकत नाही. तुमच्या १०० वॅटच्या चार्जरला फोनसोबत आलेली केबल लावली तर लॅपटॉपला ६० वॅटच दिसतील. ६५ वॅटच्या लॅपटॉपला तेवढ्याने अडत नाही, पण ९० किंवा १०० वॅटच्या लॅपटॉपवाल्याचा अर्धा दिवस ‘चार्जर खराब निघाला’ म्हणण्यात जातो. नवी केबल घ्यायचीच तर २४० वॅट असं स्पष्ट छापलेली घ्या, ती सगळीकडे चालते. टोकाला चुंबक लावलेले टाइप-सीचे तुकडे मी कोणालाच सुचवत नाही. ते यूएसबीच्या नियमांत बसत नाहीत, त्यांचे संपर्क उघडे असतात, आणि वेडेवाकडे चिकटले की नको त्या तारेवर २० व्होल्ट जाऊ शकतात.

एकाहून जास्त पोर्ट असलेल्या चार्जरवरचा मोठा आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो. १०० वॅटच्या चार्जरला लॅपटॉपसोबत फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याला बहुधा ६५ राहतात, आणि तिसरं उपकरण लावलं तर आणखी कमी. वाटणी कशी होते ते खोक्यावर किंवा चार्जरच्या अंगावर दिलेलं असतं. दुसरं उपकरण लावताना किंवा काढताना क्षणभर सगळ्यांचंच चार्जिंग तुटतं आणि पुन्हा जुळतं, ती नव्याने झालेली बोलणी असतात, बिघाड नव्हे. टाइप-सी हबमधून, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीतून, चार्जर लावलात तर हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट राखून ठेवतो, म्हणजे ६५ टाकले तरी लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपास पोचतात.

गेमिंगचे आणि थ्रीडी कामाचे लॅपटॉप या हिशेबाबाहेरचे. त्यांचे मूळ चार्जर बहुतेकदा १८० पासून ३३० वॅटपर्यंत असतात. त्यातल्या काहींना टाइप-सीवरून १०० वॅट चालतात, पण ते प्रवासात मेल बघण्यापुरते. ग्राफिक्स कार्ड जागं झालं की बॅटरी उतरायला लागते, आणि रोज असं भरत-उतरत राहिलं तर बॅटरी लवकर म्हातारी होते. असा लॅपटॉप मूळ चार्जरवरच वापरावा. ॲपलच्या १६ इंची मॅकबुक प्रोचं २०२१चं मॉडेल याचं सौम्य उदाहरण आहे: मॅगसेफ या ॲपलच्या चुंबकी जोडणीच्या तारेने ते १४० वॅट घेतं, टाइप-सी पोर्टाने १००. आणि डेलचे काही १३० वॅटचे टाइप-सी चार्जर २० व्होल्टला ६.५ ॲम्पिअर देतात, जे पीडीच्या ५ ॲम्पिअरच्या मर्यादेबाहेर आहे. ते पूर्ण १३० फक्त डेलच्याच लॅपटॉपला देतात, इतरांना नेहमीच्या नियमाने वागवतात, त्यामुळे तिथेही घाबरण्यासारखं काही नाही.

वॅटचा प्रश्न सुटला की खरी काळजी घ्यायची ती बनावटीची. चार्जरच्या आत एका बाजूला घरातली मुख्य वीज आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप, दोन्हींच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आणि काही मिलिमीटरची मोकळी जागा. नकली चार्जरमध्ये पैसा वाचवतात तो इथेच. ही जागा कमी ठेवतात, फ्यूज गाळतात, सुरक्षेच्या दर्जाचा कपॅसिटर लावायचा तिथे साधा लावतात. बाहेरून हे दिसत नाही. पूर्वी वजनावरून थोडा अंदाज यायचा, आता गॅलियम नायट्राइडचे (खोक्यावर ‘GaN’ लिहिलेले) उत्तम चार्जरही छोटे आणि हलके असतात, त्यामुळे ती खूण राहिली नाही. बघण्यासारखं हे: आउटपुटची पूर्ण यादी छापलेली आहे का, व्होल्ट आणि ॲम्पिअरचा गुणाकार दावा केलेल्या वॅटशी जुळतो का, बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल क्रमांक आहे का, तुमच्या देशातलं सुरक्षा प्रमाणन आहे का. वर्तुळातला रोमन सहा हा आकडा वीजबचतीची पातळी सांगतो. या पातळीत १०० वॅटच्या चार्जरची सरासरी कार्यक्षमता किमान ८८ टक्के असावी लागते. म्हणजे उरलेली उष्णता होते, आणि चार्जर कोमट होणं स्वाभाविक आहे. हात ठेवून धरवत नाही इतका तापला तर मात्र तो काढून ठेवा. उशीखाली, गादीवर, पांघरुणात चार्जर ठेवू नका, मग तो मूळ असो की नवा.

धातूचं अंग असलेल्या लॅपटॉपवर मनगट ठेवल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं वाटतं. दोन पिनांच्या चार्जरमध्ये आतल्या एका कपॅसिटरमधून अतिशय थोडा करंट बाहेर येतो, तो जाणवतो. चांगल्या चार्जरमध्ये तो सुरक्षित मर्यादेत असतो, आणि अर्थिंगची तिसरी पिन असलेला चार्जर योग्य अर्थिंगच्या सॉकेटला लावला की तो जातो. पण जेमतेम ओळखीच्या चार्जरवर अशा मुंग्या आल्या, तर तो करंट त्याच कपॅसिटरमधून येतोय की फाटक्या इन्सुलेशनमधून, हे सांगता येत नाही. असा चार्जर मी वापरणार नाही.

नवीन घ्यायचा झाला तर तुमच्यासाठी आकडा सोपा आहे. मूळ ६५ होता, तर ६५ पीडी हा कमीत कमी. फोनही त्याच चार्जरवर लावायचा असेल तर १००चा घ्या, म्हणजे वाटणी झाल्यावरही लॅपटॉपला पुरेसं उरतं. मूळ चार्जर ४५चा असलेल्यांनी ४५ किंवा ६५ घ्यावा, त्यापुढे जाऊन लॅपटॉपला काही मिळत नाही. आणि मूळ किती वॅटचा होता हेच माहीत नसेल तर लॅपटॉप उलटा करा. तळाच्या लेबलवर इनपुटचे व्होल्ट आणि ॲम्पिअर दिलेले असतात.

चार्जर लावल्यावर खरोखर किती वॅट मिळतात ते बघायचं असेल तर मॅकमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधल्या ‘पॉवर’ या भागात जोडलेल्या चार्जरचे वॅट दिसतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, दिसतात. इतरांसाठी टाइप-सीच्या मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही समोर. त्यावर २० व्होल्ट दिसले की बोलणी नीट झाली. ५ व्होल्टवर अडकला असेल तर केबल उलटी करून बघा, मग बदलून बघा, आणि तरीही तेच राहिलं तर पोर्टात साठलेला कचरा लाकडी काडीने हलकेच काढा, लॅपटॉप बंद करून.

बंद पडलेला मूळ चार्जर लगेच टाकू नका. पुष्कळदा त्यातली फक्त पिनेजवळची तार आतून तुटलेली असते. जिथे तार सारखी वाकते तिथे हाताने हलवल्यावर दिवा लागतो-विझतो का पाहा. तसं असेल तर जाणकार माणूस नवी तार जोडून देतो, आणि ओळखीच्या पिनेची तार सोबत जोडायला सांगा. तोवर १०० वॅटच्या चार्जरवर काम करा. एवढं लक्षात ठेवा की बायोस अपडेट करताना काही लॅपटॉप अनोळखी किंवा अपुऱ्या चार्जरवर नकार देतात. त्या दिवशी दुरुस्त केलेला मूळ चार्जर हाताशी असलेला बरा.